दिल्लीचा पैसा, गल्लीची गरज

मैत्रिणींनो, महापालिकेचं बजेट हा विषय निघाला की आपल्यातल्या निम्म्या जणी पान उलटतात आणि सरळ पाककृतीकडे वळतात. आज जरा थांबा. त्या बजेटमध्ये काही पैसा असा असतो, जो आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून गोळा झालेला नसतो. तो दिल्लीहून येतो. केंद्र सरकार शहरांना अनुदान देतं, राज्य त्यात भर घालतं, पालिका आपला हिस्सा टाकते आणि मग चौकाचौकात पाट्या लागतात, 'अमुक योजनेअंतर्गत'. त्या पाटीखालून आपण भाजीची पिशवी घेऊन रोज जातो. पैसा किती आला, कशासाठी आला, आणि हेच काम आधी करायचं हे ठरवलं कुणी, असं कधी विचारलंय आपण?

मी डोंबिवलीची, त्यामुळे कल्याण-डोंबिवली आणि ठाण्याचीच उदाहरणं देणार. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आणि ठाण्याची १८ लाखांच्या वर होती. तुमचं गाव याच्या दहाव्या हिश्श्याचं असेल, तिथे महापालिका नसेल, नगरपरिषद असेल. पण अनुदानाची गोष्ट सगळीकडे सारखीच असते.

बसपासून सुरुवात करू. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने शहरांसाठी मोठं अभियान सुरू केलं. २००९ मध्ये मंदीच्या काळात त्याच अभियानातून शहरांना बस घ्यायलाही पैसा मिळाला. ठाण्याच्या टीएमटीला मिळाला, आमच्या केडीएमटीलाही मिळाला. यथावकाश नव्या कोऱ्या बस आल्या. पण बस घ्यायला पैसा होता, ड्रायव्हर-कंडक्टर ठेवायला नव्हता! मग त्यातल्या कित्येक बस कल्याणच्या गणेशघाट आगारात नुसत्या उभ्या राहिल्या. इकडे संध्याकाळी लोकलमधून उतरलेल्या बायका रिक्षाच्या रांगेत, नाहीतर पायी. घरात गाडी असली तर ती बहुधा नवरा नेतो. बस लागते ती आपल्याला, शाळेतल्या मुलीला आणि सासूबाईंना. बस बंद पडली की कुणाचे पाय दुखतात, हे सांगायला आकडेवारी कशाला हवी?

माझ्या मते सगळ्या अनुदानांची खरी मेख इथेच आहे. आहेरात फ्रीज आला तरी विजेचं बिल आपल्यालाच भरावं लागतं ना, तसं हे. दिल्लीचा पैसा वस्तू देतो, ती रोज चालवायचा खर्च देत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान घ्या. २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान आणि मध्यम शहरांना जी रक्कम ठरली, तिच्यातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी, स्वच्छता आणि कचरा यांच्यासाठी बांधलेला होता. उरलेला ४० टक्के शहराने आपल्या गरजेप्रमाणे खर्च करावा असं म्हटलं होतं, पण पगार आणि आस्थापना सोडून. म्हणजे स्वच्छतागृह बांधा, पण ते झाडणाऱ्या बाईचा पगार तुमचा तुम्ही बघा. हेतू वाईट नव्हता. सगळा पैसा पगारात जाऊ नये, एवढंच त्यामागे होतं. पण परिणाम काय होतो ते कुठल्याही बाजारपेठेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराशी जाऊन पाहा. टाइल्स झकपक असतात, नळाला पाणी नसतं, आतली कडी तुटलेली असते आणि बायकांच्या बाजूला कुलूप असतं. किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला असतो!

पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा अन्याय मुंबईतल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेतून वेशीवर टांगला. नावावरून तेव्हा पुष्कळ हसणं झालं. पण त्या बायकांनी स्वच्छतागृहं एकेक करून जाऊन पाहिली, मोजली आणि मग पालिकेशी वाद घातला. हे मोजणं महत्त्वाचं. त्यावर पुन्हा येते.

आता घरांचं पाहा. त्याच नेहरू अभियानात शहरी गरिबांसाठी बीएसयूपी नावाची योजना होती. झोपडीच्या जागी पक्कं घर, आणि खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा. आमच्याकडे पाथर्ली, दत्तनगर, कचोरे, खंबाळपाडा, उंबर्डे अशा ठिकाणी कामं निघाली. घरांची मूळ संख्या पुढे कमी करावी लागली, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळाली आणि उभ्या राहिलेल्या काही इमारती वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. लाभार्थी कोण यावर वाद, याद्यांवर वाद. यातली काही घरं पुढे रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत घर गेलेल्यांना द्यायचं ठरलं. जमीन मिळणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण यादी करताना आणि जागा ठरवताना त्या वस्तीतल्या बायकांना बसवून विचारलं असतं, तर काही प्रश्न आधीच समोर आले असते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई घर कसं मोजते? तिला चौरस फुटांपेक्षा कामाची घरं किती लांब पडतात हे महत्त्वाचं असतं. सकाळी सातला तिथे पोचायला रिक्षा करावी लागली, तर महिन्याला एका घराचा पगार रिक्षातच जातो. शिवाय पोर शाळेत कोण सोडणार? पाणी किती वाजता येणार? हे प्रश्न नकाशावर दिसत नाहीत.

यानंतर आली स्मार्ट सिटी. योजना जाहीर झाली जून २०१५ मध्ये. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत ना ठाणे ना कल्याण-डोंबिवली. सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्ही शहरं निवडली गेली आणि पेढे वाटले गेले. केंद्राकडून प्रत्येक शहराला ५०० कोटींपर्यंत, आणि तेवढेच राज्य आणि पालिकेने मिळून घालायचे. रक्कम मोठी होती. पण हा पैसा खर्च करायला वेगळी कंपनी काढायची अट होती. म्हणजे कामांचा निर्णय महासभेत नगरसेवकांच्या आरडाओरड्यात होण्याऐवजी संचालक मंडळाच्या बैठकीत होणार. आरडाओरडा नको हे खरं, पण निदान तो वर्तमानपत्रात छापून तरी येतो! प्रस्ताव करताना नागरिकांची मतं मागवण्याची अट होती आणि त्याला गुणही होते. फॉर्म भरून घेतले गेले, संकेतस्थळावर मतं मागवली गेली. संकेतस्थळावर मत द्यायला दुपारी कोण बसलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग झालं काय? ठाण्यात गावदेवी मैदानाखाली वाहनतळ झाला. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं रेल्वे स्टेशन करायचं ठरलं. ही कल्पना मला मनापासून पटते. ठाण्याच्या पुलावर गर्दीत चेंगरणाऱ्या बाईला विचारा, ती पहिला नंबर स्टेशनलाच देईल. पण जमीन, न्यायालय, रेल्वेशी करार यांत वर्षं गेली. वारंवार वाढवलेली मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली, तेव्हाही स्टेशन सुरू झालेलं नव्हतं. वाहनतळ मात्र आधी झाला. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदल संग्रहालय करायचं ठरलं आणि त्यासाठी निवृत्त झालेली टी-८० युद्धनौका आणली गेली. शिवाजी महाराजांच्या आरमाराशी कल्याणचं नातं आहे, त्यामुळे नौकेला माझा अजिबात विरोध नाही. मुलांना घेऊन मीही जाईन. मला एवढंच विचारायचंय, की २७ गावांतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असताना यादीत काय कितव्या नंबरवर होतं? त्या गावांसाठी 'अमृत' या केंद्राच्या दुसऱ्या योजनेतून पाणी यायचं होतं. ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. उद्घाटन करण्यासारख्या गोष्टी लवकर होतात आणि जमिनीखालचे पाइप मागे राहतात. पाइपाला फीत कुठे बांधणार?

"आपले नगरसेवक काय करत होते?" असं तुम्ही विचाराल. तर नगरसेवकच नव्हते! कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते. आधी कोविड, मग आरक्षणाचा न्यायालयातला वाद. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. कल्याण-डोंबिवलीत १२२ जागा, ठाण्यात १३१, आणि २०११ च्या कायद्याप्रमाणे निम्म्या बायकांसाठी. म्हणजे मधली काही वर्षं बजेट झालं, पण महिला व बालकल्याण समिती अस्तित्वात नव्हती.

ही समिती हळदीकुंकवाची समजू नका. पालिकेच्या बजेटमधला ५ टक्के भाग महिला-बालकल्याणासाठी ठेवायचा, असा राज्याचा नियम आहे. हा पैसा दिल्लीचा नाही, आपल्याच गावचा. म्हणूनच तो जपून मागायला हवा, कारण दिल्लीच्या पैशाला जे जमत नाही ते त्याला काही प्रमाणात जमेल. पण होतं काय? शिलाई मशीन, घरघंटी, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण, महिला दिनाचा कार्यक्रम. वर्षानुवर्षं तीच यादी! शिलाई मशीनवर संसार उभा केलेल्या बायका मला माहीत आहेत, त्यांचा अवमान नाही करायचा. पण तयार कपड्यांच्या जमान्यात आणखी किती जणी ब्लाउज शिवणार? त्यापेक्षा कामावर जाणाऱ्या आईसाठी वस्तीत पाळणाघर चालवा, स्वच्छतागृहाला दिवसभर थांबणारी बाई नेमा, संध्याकाळी आठनंतर एक बस सोडा.

दुसरीकडे काय करतात? पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, त्यावर आपल्या भागातलं काम सुचवायचं. बाकं, पदपथ अशीच कामं जास्त येतात म्हणा, पण दार तरी उघडं आहे. केरळात १९९६ च्या लोकयोजनेपासून पंचायती आणि पालिकांच्या योजनेतला किमान १० टक्के पैसा स्त्रियांच्या योजनांसाठी ठेवण्याचा दंडक झाला.

आणि अमेरिका. हल्ली प्रत्येकीच्या नात्यातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतंच. तिथे १९७४ च्या कायद्याने केंद्र सरकार शहरांना वस्तीविकासाचं अनुदान देतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किमान ७० टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. खर्चाचा आराखडा आधी छापायचा, लोकांना मत द्यायला ३० दिवस द्यायचे, वर्षात निदान दोन जाहीर सुनावण्या घ्यायच्या. आणि अनुदानाचा १५ टक्क्यांपर्यंतचा भाग पाळणाघर, वृद्धांची सेवा अशा रोज चालवायच्या कामांनाही देता येतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सुनावणीला चार डोकी येतात, अशी तक्रार तिथेही असतेच. पण पैसा खर्च होण्याआधी विचारायचं, हे निदान नियमात आहे. आपल्याकडेही २००९ मध्ये क्षेत्रसभेचा कायदा झाला. मतदान केंद्राच्या परिसरातल्या लोकांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची, अशी कल्पना. गावात ग्रामसभा भरते तशी शहरात क्षेत्रसभा. तुमच्या गल्लीत कधी भरली का?

आता तुमच्या गावाकडे वळू. नगरपरिषदेचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीत आकार घेतं. त्यामुळे महिला दिनाला, म्हणजे ८ मार्चला निवेदन घेऊन जाण्यात अर्थ नाही, तोवर आकडे ठरलेले असतात. दिवाळी झाली की लागा. बचतगटातल्या, भजनी मंडळातल्या पाच-सहा जणी मिळून बाजार, एसटी स्टँड आणि दवाखाना एवढं फिरा. बायकांसाठी किती स्वच्छतागृहं, किती उघडी, किती ठिकाणी पाणी, दिवा कुठे बंद, हे वहीत तारखेसह लिहा. मुंबईच्या बायकांनी केलं ते हेच. मग आपल्या नगरसेविकेकडे जा. तिच्या ऐवजी तिचे यजमान बोलायला लागले, तर "वहिनींशी बोलायचंय" असं गोड आवाजात सांगा! तिला विचारा, यंदा वित्त आयोगाचा पैसा किती आला आणि कशावर पडला? नवं काही बांधणार असाल, तर त्याचा देखभालीचा खर्च कुठल्या खात्यातून? ५ टक्क्यांची यादी कुणी केली?

ती बिचारी नवी असली तर तिलाही माहीत नसेल, आणि तुमची वही तिलाच सभेत उपयोगी पडेल. कार्यालयातून उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. साध्या कागदावर, मराठीत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'गेल्या तीन वर्षांत महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून झालेला खर्च, कामनिहाय' एवढी एक ओळ पुरे. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि तिच्यावर शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.