चुकांचा रकाना आणि त्यागाचा रकाना

बेसबॉलच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन आकडे असतात : धावा, हिट्स आणि चुका. क्षेत्ररक्षकाच्या हातून सोपा झेल निसटला किंवा फेक भलतीकडे गेली, की तिसरा आकडा एकाने वाढतो आणि सामना संपेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. आपल्या क्रिकेटच्या धावफलकात सुटलेल्या झेलाला जागा नाही. गंमत म्हणजे बेसबॉलच्या नोंदवहीला आकार देणारा हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार होता.

मी ट्रॉम्ब्यात शिक्षक आहे, ख्रिस्ती आहे, आणि शाळा सुटल्यावर मुलामुलींकडून सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचा सराव करून घेतो. कोळीवाडा, पायलीपाडा, चिता कॅम्प, मानखुर्द अशा सगळीकडून मुलं येतात. त्यांच्या आईवडिलांशी मला बोलायचं आहे. खेळाबद्दल थोडं आणि घराबद्दल जास्त.

चुकांचा तो रकाना पहिल्यांदा पाहणाऱ्या पालकांना निर्दय वाटतो. पोराची चूक जगासमोर का मांडता, असं ते विचारतात. मला मात्र त्या रकान्यात दया दिसते. चूक एकदा लिहिली की तिचा हिशेब झाला. ज्याची चूक त्याच्याच नावावर, आणि तीही एकदाच. त्या चुकीमुळे प्रतिस्पर्ध्याला धाव मिळाली तर ती पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, सरासरीत धरली जात नाही. आणि ज्याच्या हातून चेंडू सुटला, त्याला पुढचा चेंडू पडायच्या आत गुडघे वाकवून पुन्हा तयार उभं राहावं लागतं. त्याला मैदानाबाहेर काढत नाहीत.

आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. चूक मोकळेपणाने बोलली जात नाही आणि विसरलीही जात नाही. आठवीत गणितात नापास झालेल्या मुलाला ते नाताळात ऐकावं लागतं, ईदेला ऐकावं लागतं, आत्याच्या लग्नात पाहुण्यांसमोर ऐकावं लागतं. कुणाच्या वडिलांचं दारूपायी गेलेलं काम, कुणाच्या भावाने हरवलेले पैसे, यावर घरात वर्षानुवर्षं टोमणे चालतात. पण समोरासमोर बसून कुणी एकदाही नीट बोललेलं नसतं. मुलं हे सगळं पाहतात आणि एकच धडा घेतात : चूक लपवायची. मग प्रगतिपुस्तकावर सही स्वतःच करतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का? उत्तर सातावर थांबत नाही, सत्तर गुणिले सातावर जातं. या प्रसंगावर आम्ही लहानपणापासून प्रवचनं ऐकतो. पण क्षमेच्या आधी एक पायरी असते, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. पापनिवेदनाला जाणारा माणूस ‘काही चुकलं असेल तर’ असं मोघम बोलत नाही. काय केलं ते नाव घेऊन सांगतो. नाव घेतल्याशिवाय चूक सुटत नाही, अडकून राहते.

डेट्रॉइटमधली एक गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो. २ जून २०१०. डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गॅलारागा, व्हेनेझुएलाचा. त्या दिवशी त्याने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं. सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा, बाद झाला असता तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता, आणि अमेरिकेच्या मोठ्या लीगच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात तोवर असे फक्त २० झाले होते. सत्ताविसाव्याने चेंडू जमिनीलगत मारला. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने तो उचलून गॅलारागाकडे फेकला. गॅलारागाने चेंडू घेऊन बेसवर पाय ठेवला तेव्हा बॅटर अजून पोचायचा होता. अंपायर जिम जॉयस यांनी हात पसरून सांगितलं, सुरक्षित.

सगळ्या मैदानाने पाहिलं होतं की तो बाद आहे. गॅलारागा हसला. एक शब्दही न बोलता आपल्या जागी परत गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून त्याने सामना संपवला. त्या काळात असा निर्णय चित्रफीत पाहून बदलण्याची सोय नव्हती. सामन्यानंतर जॉयस यांनी चित्रफीत पाहिली. त्यांनी कारणं दिली नाहीत. पत्रकारांना स्पष्ट सांगितलं की निर्णय चुकला आणि या पोराचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. मग गॅलारागाला भेटून रडत माफी मागितली. गॅलारागाने त्यांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी जॉयस मुख्य अंपायर म्हणून होम प्लेटमागे उभे राहणार होते. सामन्याआधी संघाच्या नावांचा कागद अंपायरच्या हाती द्यायचा असतो. तो घेऊन त्या दिवशी गॅलारागा स्वतः गेला. जॉयस डोळे पुसत होते.

तो निर्णय पुढे कुणी बदलला नाही. नोंदवहीत आजही तो परफेक्ट गेम नाही. मुलं दरवेळी चिडतात, हे अन्यायाचं आहे म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण मी त्यांना विचारतो, त्या दोघांपैकी कोण लहान झाला? वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, कोणीच नाही, सर.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण क्षमेचा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो. गॅलारागाने माफ केलं ते समोरच्याने चूक कबूल केल्यावर. जिथे कबुलीच नाही तिथे पोरांना ‘सोसा आणि गप्प बसा’ म्हणणं ही श्रद्धा नव्हे. जॅकी रॉबिन्सनचं उदाहरण घ्या. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या मोठ्या लीगचं दार आधुनिक काळात पहिल्यांदाच कृष्णवर्णीयासाठी उघडलं. त्याला निवडणारे ब्रँच रिकी हे कडवे मेथडिस्ट ख्रिस्ती, रविवारचा सामना पाहायलाही न जाणारे. त्यांनी रॉबिन्सनकडून कबूल करून घेतलं की सुरुवातीच्या काळात शिव्यांना उलट उत्तर द्यायचं नाही. रॉबिन्सनने ते पाळलं. भयंकर शिव्या खाल्ल्या आणि खेळत राहिला. पण ती मुदत संपल्यावर तो बोलायला लागला आणि नागरी हक्कांच्या चळवळीत मरेपर्यंत बोलत राहिला. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ साली सगळ्या संघांनी निवृत्त केला.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पालवणकर बाळू हा दलित समाजातला डावखुरा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळायचा, तेव्हा चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले, तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते पुढे त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळालं, तेही मागणी लावून धरल्यावर. चिता कॅम्पातल्या आजी-आजोबांनी १९७६ साली आपली राहती वस्ती, जनता कॉलनी, हटवली जाताना पाहिली आहे. त्यांच्या नातवंडांना सहनशीलतेवर भाषण देण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. त्यांना मी एवढंच शिकवतो की आपली चूक आपण सांगावी आणि दुसऱ्याची चूक तोंडावर सांगण्याची हिंमत ठेवावी.

आता दुसऱ्या रकान्याकडे येतो, कारण माझं खरं मागणं तिथे आहे.

बेसबॉलमध्ये बॅटर कधीकधी मुद्दाम चेंडू हळूच पुढे टेकवतो. स्वतः बाद होतो, पण तेवढ्या वेळात बेसवरचा साथीदार एक बेस पुढे सरकतो. याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात आणि त्याची स्वतंत्र नोंद होते. असं बाद होणं बॅटरच्या सरासरीतून वजा होत नाही. संघासाठी दिलेलं कुणी विसरू नये, अशी ती व्यवस्था आहे.

आमच्या वस्तीत असे बाद होणारे घरोघरी आहेत. पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जाणारी आई. धाकट्यांच्या फीसाठी स्वतःचं कॉलेज सोडून कामाला लागलेला थोरला. आजारी आजीजवळ थांबायचं म्हणून परीक्षा बुडवलेली मुलगी. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. अशा ठिकाणी कुणीतरी स्वतःचं काही सोडल्याशिवाय घर पुढे सरकतच नाही. पण त्याची नोंद कुणी ठेवतं का? जेवताना कुणी म्हणतं का, की आज तुझ्यामुळे हे झालं?

आणि नोंद ठेवणंही पुरेसं नाही. कुठलाही शहाणा प्रशिक्षक एकाच बॅटरला प्रत्येक वेळी सॅक्रिफाइस करायची खूण करत नाही. तिला किंवा त्याला मोकळेपणाने बॅट फिरवायची पाळी देतोच. आपल्या घरांत मात्र खूण नेहमी एकीकडेच जाते, आणि बहुतेक वेळा ती मुलीकडे जाते. घरी पाणी भरायचं आहे, तू सरावाला जाऊ नकोस. भावाचा क्लास आहे, तू डबा पोचव. आठवीपर्यंत माझ्या सरावाला मुली मुलांच्या बरोबरीने असतात, दहावीपर्यंत मोजक्या उरतात. त्यांच्यातलं कौशल्य संपलेलं नसतं. त्यांना पाळीच मिळत नाही. वधस्तंभाकडे बोट दाखवून या मुलींना त्याग शिकवणाऱ्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना मी विनवतो : येशूने दिलं ते स्वतःचं दिलं, दुसऱ्याकडून मागून घेतलं नाही.

पालक मला विचारतात, सर, या खेळात भविष्य काय? खरं सांगतो. २००८ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्सने करारावर घेतले. त्यांच्यावर पुढे सिनेमाही निघाला. पण दोघांपैकी एकही मोठ्या लीगपर्यंत पोचला नाही. त्या आशेने पोरांना मैदानावर आणू नका. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, आणि नियमात बसणाऱ्या कामगिरीला दहावी-बारावीत वाढीव क्रीडागुण मिळतात, हे जरूर लक्षात ठेवा. बाकी जे मिळतं ते मी वर सांगितलं.

जागा नाही, ही तक्रार खरी आहे. बेसबॉलला दोन बेसमध्ये ९० फूट लागतात. सॉफ्टबॉलला ६० पुरतात, म्हणून लहान मैदानावर सॉफ्टबॉलपासून सुरुवात करावी. ग्लोव्हज महाग असतील तर टेनिस बॉलने खेळा. बेस म्हणून वीट किंवा दगड मात्र ठेवू नका, घसरत येणाऱ्या मुलाचा पाय मोडतो. जुनं पोतं घडी करून ठेवा. रविवारी सकाळी मिस्साच्या वेळेला सराव लावू नका, आणि रमजानात चिता कॅम्पातल्या मुलांना दुपारच्या उन्हात पळवू नका. डॉजर्सचा ज्यू पिचर सँडी कोफॅक्स याने १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला म्हणून सोडला होता. तो सामना डॉजर्स हरले, पण मालिका त्यांनीच जिंकली आणि शेवटच्या सामन्यात पिचर कोफॅक्सच होता. मुलाने धर्म पाळला म्हणून संघातली त्याची जागा जाता कामा नये.

आता तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. आज रात्री घरातल्या एका जुन्या चुकीबद्दल शेवटचं बोला. रागावायचं असेल तर रागावा, समोरच्याचं ऐकून घ्या, आणि पुन्हा तो विषय पाहुण्यांसमोर काढू नका. चूक तुमची असेल तर पोरांसमोर तसं म्हणा. आईबापांनी चूक कबूल केली तर पोरं डोक्यावर बसतील, ही भीती खोटी आहे. इतकी वर्षं शिकवताना मी तसं एकही घर पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट मुलींची. तुमच्या घरात घरासाठी दर वेळी कोण बाद होतं, ते नाव मनात आणा. ती मुलगी असेल, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी तिचं काम तिच्या भावाला द्या आणि तिला मैदानावर पाठवा. तिची शाळाच सोडवण्याचा विचार तुमच्या घरात चालू असेल, तर निर्णय घेण्याआधी एकदा शाळेत येऊन तिच्या वर्गशिक्षकांशी बोला. कामावरून यायला उशीर होत असेल तर तसं कळवा. आम्ही थांबू.