आरोग्य आणि आपण : वुजूला न फिरणारी अंगठी



या महिन्यात विषय लहान वाटेल असा आहे. बोटात घट्ट बसलेली अंगठी. पण या लहान गोष्टीपायी आमच्या घरात एक बोट जाता जाता वाचले, म्हणून लिहिते.

माझ्या खाला परभणी तालुक्यातील पेडगावला राहतात. गेल्या पावसाळ्यात सोयाबीनच्या खुरपणीला गेल्या असताना त्यांच्या डाव्या हाताला गांधीलमाशी चावली. त्या हाताच्या अनामिकेत चांदीची अंगठी होती, अकीकचा खडा असलेली. निकाहनंतर खालूंनी घातलेली. खालू आता नाहीत. मगरिबपर्यंत हात सुजला आणि अंगठी मांसात रुतली. मुलगा म्हणाला, "अम्मी, सोनाराकडून कापून घेऊ." खाला म्हणाल्या, "अंगठीला हात लावायचा नाही. सकाळपर्यंत सूज उतरेल."

सूज उतरली नाही. फजरच्या वेळी बोट काळेनिळे आणि गार पडले होते, टोचलेले कळत नव्हते. परभणीला नेल्यावर अंगठी कापायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पण तिच्याखाली खोल चर पडून जखम झाली होती. दोन दिवस दवाखान्यात राहावे लागले. अलहम्दुलिल्लाह, बोट वाचले. बोटाचे टोक मात्र अजून बधिर आहे.

मी भेटायला गेले तेव्हा विचारले, "खाला, अंगठी कधीपासून घट्ट होती?" त्या म्हणाल्या, "बेटा, वुजू करताना दोन वर्षांपासून फिरतच नव्हती."

अंगठी घट्ट असेल तर वुजूत ती हलवून खाली पाणी पोचवावे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. म्हणजे दिवसातून पाच वेळा आपल्या बोटाची तपासणी होत असते. ज्या दिवशी अंगठी फिरायची थांबते, त्या दिवशीच ती काढायची वेळ झालेली असते. तेव्हा ती साबणाने निघते. सूज आल्यावर निघत नाही.

असे का होते? बोटातून रक्त परत नेणाऱ्या शिरा मऊ असतात, त्या आधी दबतात. रक्त आणणाऱ्या धमन्या मात्र काही वेळ चालू राहतात. रक्त आत येते, बाहेर जात नाही. सूज वाढते, अंगठी आणखी आवळते आणि शेवटी रक्त येणेही थांबते. म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे या दुखण्यात चालत नाही.

आता दुसरी गोष्ट, कागदाची. मी बरीच वर्षे रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम केले आहे, म्हणून माझे लक्ष आधी कागदाकडे जाते. खालांच्या डिस्चार्ज कार्डवर निदान होते फक्त "बोटाला सूज व जंतुसंसर्ग". गांधीलमाशी नाही, अंगठी नाही. मुलाच्या कंपनीच्या विम्यात खालांचे नाव होते. विमावाल्यांनी विचारले की बिलात अंगठी कापल्याचा खर्च आहे, मग निदानात अंगठी का नाही? दावा अडकला.

विम्याच्या दाव्याच्या फॉर्ममध्ये रुग्णालयाने भरायचा एक भाग असतो. त्यात निदानाचा कोड लिहावा लागतो, आणि इजा असेल तर तिचे कारणही. हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून येतात. त्याची सुरुवात १८९३ साली झाली. फ्रान्सचे जाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक समान यादी मांडली, म्हणजे एका देशाचे आकडे दुसऱ्या देशाशी ताडता यावेत. १९४८ मध्ये ती यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात आजार व इजाही आल्या. आपल्या दवाखान्यांत तिची दहावी आवृत्ती वापरली जाते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण ती सगळीकडे पोचायला वेळ लागतो.

या पद्धतीत इजेला दोन कोड लागतात. पहिला काय झाले याचा, दुसरा कशामुळे झाले याचा. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीत स्वतःची भर घातली आहे, ती पाहिली की हे नीट समजते. तिथे बोट बाहेरून आवळले जाण्याला एस ६०.४४ हा कोड आहे आणि पुढचा आकडा बोट कोणते ते सांगतो. डाव्या अनामिकेला एस ६०.४४५, उजव्या अनामिकेला एस ६०.४४४. कारणाचा कोड वेगळा. अंगठी किंवा दागिन्याने आवळले तर डब्ल्यू ४९.०४, दोऱ्याने आवळले तर ४९.०२, केसाने आवळले तर ४९.०१. शेवटी एक अक्षर येते. इलाज चालू असेल तर ए, नंतरच्या तपासणीला डी, आणि मागे राहिलेल्या दोषाला एस. जागतिक यादीत इतका बारकावा नाही, तिथे अंगठीला वेगळा कप्पा नाही. म्हणून आपल्याकडे डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेले कारण जास्त महत्त्वाचे ठरते.

खालांच्या कार्डावर फक्त जंतुसंसर्ग लिहिला होता, म्हणून कोड लागला एल ०३.०, म्हणजे बोटाच्या त्वचेखालचा संसर्ग. कोड लावणाऱ्याची चूक नव्हती. तो रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. आणि खरे सांगायचे तर घाईत आमच्यापैकी कोणीही डॉक्टरांना गांधीलमाशीचे सांगितलेच नव्हते. शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुरवणी टीप लिहून, सही-तारीख घालून दिली आणि दावा सुटला. जुना कागद खोडायचा नसतो, पुरवणी जोडायची असते.

म्हणून दवाखान्यात चार गोष्टी स्वतःहून सांगा : बोट कोणत्या हाताचे व कोणते, कशाने आवळले, सूज कशामुळे आली, आणि किती वाजल्यापासून. घरी निघण्यापूर्वी कार्डावर हे आले का ते वाचून घ्या.

घरी काय करावे? गांधीलमाशी किंवा विंचू चावला, हात मुरगळला, भाजला, तर सूज येण्याआधीच अंगठ्या आणि बांगड्या उतरवा. अंगठी अडकली तर हात डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, साबण किंवा तेल लावून फिरवत फिरवत काढा. दोऱ्याची युक्तीही आहे. दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा. उरलेला दोरा अंगठीपासून बोटाच्या टोकाकडे, मधल्या सांध्याच्या पुढेपर्यंत घट्ट गुंडाळा. मग तळहाताकडचे टोक बोटाच्या टोकाच्या दिशेने उलगडत न्या, अंगठी पुढे सरकते. पण बोट निळे, पांढरे, गार किंवा बधिर असेल, जखम असेल किंवा हाड मोडल्याची शंका असेल, तर युक्त्या नकोत. थेट दवाखाना. स्टीलची जाड अंगठी सोनाराच्या कातरीने कापत नाही, तिथेही वेळ घालवू नका.

गरोदर भगिनींनी शेवटच्या महिन्यांत अंगठ्या काढूनच ठेवाव्यात. हात आणि चेहऱ्यावर अचानक सूज आली तर रक्तदाबही तपासून घ्यावा. आणि तान्हे मूल कारण न कळता रडत असेल तर त्याचे मोजे काढून पायाची बोटे पाहा. आईचा एखादा गळलेला केस बोटाला गुंडाळला जातो. मनगटाचा, कमरेचा काळा दोराही मुलाच्या वाढीबरोबर आवळतो.

खालांची अंगठी परभणीच्या सोनाराने जोडून दिली, एक चांदीचा तुकडा घालून थोडी मोठी करून. जोड दिसतो. खाला ती आता उजव्या हातात घालतात आणि रात्री झोपताना काढून डबीत ठेवतात. आज इशाच्या वुजूला तुम्हीही आपली अंगठी फिरवून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांची तर नक्कीच पाहा, कारण ते स्वतःहून सांगणार नाहीत.

अल्लाह सर्वांना आफियत देवो. आमीन.