जुन्या गाडीला दुसरं इंजिन: ‘बसतं हो’वर विसंबू नका

इंदूरहून एका वाचक ताईंनी विचारलंय. घरात 2007 ची स्कॉर्पिओ आहे, 2.6 सीआरडीई. वडिलांनी हौसेनं घेतलेली, त्यामुळे विकायला मन होत नाही. मे महिन्यात घाटात रेडिएटरचा होस फुटला, काटा लाल रेघेवर गेला, आणि ‘पुढच्या ढाब्यापर्यंत तर जाऊ’ म्हणत भावानं गाडी तशीच रेटली. इंजिन जाम. आता मिस्त्री म्हणतो, “दिल्लीहून स्कॉर्पिओचं जुनं इंजिन मागवतो. बसतं हो!”

ताई, पैसे देण्याआधी एवढं विचारा: कुठल्या स्कॉर्पिओचं?

2002 मध्ये ही गाडी आली तेव्हा तिला 2.6 टर्बो डिझेल होतं, साध्या मेकॅनिकल पंपाचं. पुढे त्याच 2609 सीसीला कॉमन रेल जोडली, ती तुमची सीआरडीई. नंतरचं एमहॉक 2179 सीसीचं, मुळापासून वेगळं. एमहॉक आणलं तर आरसीवरच्या सीसीवरून लगेच कळेल. फसगत होते ती पहिल्या दोघांत. सीसी तीच, नाव तेच, पण सीआरडीईचे इंजेक्टर ईसीयूच्या हुकमावर चालतात, टर्बोला तसलं काही नसतं. चुकीचं इंजिन आलं की मग वायरिंग कापा, सेन्सर जोडा, माउंटिंग वेल्ड करा असं सुरू होतं आणि गाडी तीन महिने गॅरेजात धूळ खाते. म्हणून आपल्या इंजिनाचे चारही बाजूंनी फोटो काढा, ब्लॉकवरचा नंबरही त्यात घ्या. समोरच्याकडून तसेच फोटो मागवा आणि पंप, रेल, माउंटिंग, गिअरबॉक्स जोडायची बाजू ताडून पाहा. गाडी फोर बाय फोर असेल तर ऑइल पॅनही बघा.

पण खरं सांगू? तापून जाम झालेलं इंजिन न उघडताच दुसरं शोधायला निघणं मला घाईचं वाटतं. आधी हेड उतरवा. ब्लॉकला तडा नसेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन बसतात, क्रँक ग्राइंड होतो, हेड लेथवर सपाट करून मिळतं. खर्च कमी नाही, पण इंजिनाचा नंबर तोच राहतो. या गोष्टीची किंमत आरटीओच्या दारात कळते.

कारण ब्लॉक बदलला की नंबर बदलतो आणि आरसी खोटी ठरते. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार आरसीतल्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये याच कलमावर कडक निकाल दिलाय. त्यामुळे त्याच जातीचं इंजिन असलं तरी आधी आरटीओत विचारायचं, परवानगी घ्यायची, बसवल्यावर नव्या नंबरची नोंद करायची, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. नाहीतर उद्या अपघाताचा दावा अडकतो.

जुन्या बाजारातून घेताना पक्कं बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं मागा. नंबर घासलेला दिसला तर भाव कितीही पडलेला असो, तिथून निघा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारी येतील, विकणारा तेव्हा सापडणार नाही. शक्य असेल तर इंजिन स्टँडवर चालवून दाखवायला सांगा. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर येतोय का, ऑइल दुधाळ दिसतंय का, टर्बोचा शाफ्ट बोटानं लचकतोय का, हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि हो, आरसीची मुदत पाहिलीत का? खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमची 2022 मध्ये झाली असेल तर पुढची 2027 ला. दिल्लीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तिथले जुन्या डिझेल गाड्यांचे नियमही आधी बघावेत.

शेवटी इंजिन कुठलंही बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट आणि सगळे होस नवे टाका. 2007 चा एकही होस परत लावू देऊ नका.