इंजिनाची टकटक आणि वहीतील नोंदी

भुसार मालाचा व्यवहार करणाऱ्या घरात जुनी गाडी सहसा विकली जात नाही. सकाळी ती बाजार समितीतून पोती आणते, सायंकाळी वडीलधाऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवते. वर्षानुवर्षे घसारा काढून झाल्यामुळे ताळेबंदात तिची किंमत नगण्य उरलेली असते. घरच्या माणसांचा तिच्यावरील विश्वास मात्र कायम असतो. त्यामुळे तिने एके दिवशी अनोळखी आवाज सुरू केला, की दुरुस्ती करावी की गाडी मोडीत काढावी, असा प्रश्न घरात उभा राहतो.

तालुक्याच्या एका बाजारपेठेतील अशाच एका घरात मारुती ओम्नी होती. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी २०१९ पर्यंत बनत होती आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या दारात ती आजही दिसते. या गाडीचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. त्यामुळे त्याचा बारीकसारीक आवाजही बसणाऱ्याच्या कानावर येतो. थंडीच्या सुरुवातीला या गाडीतून ‘टक्-टक्’ असा एकसारखा, धातूवर धातू आपटावा तसा आवाज येऊ लागला.

पहिल्या मिस्त्रीने तो टॅपेटचा आवाज ठरवला. निदान तर्काला धरून होते. चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक झडप मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडते. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर एका झडपेचा ठोका मिनिटाला ४५० वेळा पडतो. गाडीतील टकटक याच लयीत होती. त्याने झडपांची फट दोनदा जुळवून दिली, परंतु आवाज गेला नाही.

दुसऱ्या मिस्त्रीने रेस देऊन आवाज ऐकला आणि एकेका प्लगची वायर काढून पाहिली. एका सिलिंडरची वायर काढताच टकटक जवळजवळ थांबली. “शेठ, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे. इंजिन उतरवावे लागेल,” असे त्याने सांगितले. खर्चाचा अंदाज पंचवीस हजारांच्या पुढे होता. थोरल्या मुलाने गाडी विकण्याचा विचार बोलून दाखवला.

घरातील वयोवृद्ध अण्णा तोपर्यंत गप्प होते. त्यांनी जन्मभर दुकानाची रोजकीर्द लिहिलेली. ते म्हणाले, “इंजिन आठ दिवसांनी उतरवू. तोवर आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे रोज लिहून ठेवा.” नातवाने वहीत रकाने आखले: इंजिन थंड की गरम, गाडी उभी की चालू, चढ की सपाटी, क्लच दाबल्यावर फरक पडतो की नाही.

आठ दिवसांत वहीत स्पष्ट चित्र उमटले. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना आवाज सर्वांत मोठा होता. दहा-बारा मिनिटांत तो बराचसा मावळत असे. माल भरून चढावर गेल्यावर पुन्हा जाणवत असे. क्लच दाबल्याने त्यात बदल होत नव्हता, म्हणजे गिअरबॉक्सवरचा संशय दूर झाला. ऑइलचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. नातवाने शेवटी आणखी एक ओळ लिहिली होती: ‘काचा बंद करून गेल्यास आजीचे डोके जड होते.’

ही वही पाहून तिसरा, वयस्क मिस्त्री थबकला. बेअरिंगची झीज झाली असेल, तर इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर ठोका वाढतो. येथे तो कमी होत होता. टॅपेटची फट वाढली असती, तर आवाज चढावर इतका वेगळा वाटला नसता. तो म्हणाला, “अण्णा, गाडी आज माझ्याकडे ठेवा. उद्या सकाळी थंड असतानाच सुरू करू.” आतापर्यंत गाडी प्रत्येक वेळी चालवत, म्हणजे तापूनच, गॅरेजमध्ये पोचत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने रबरी नळीचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक फिरत्या पट्ट्यापासून दूर राखून इंजिनाभोवती फिरवले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडापाशी फटकारे स्पष्ट ऐकू आले. तेथे काजळीचा काळा पट्टा होता, एक नट सैल झाला होता आणि गॅस्केट जळाले होते. त्या फटीतून जळालेला वायू झटक्याने बाहेर पडत होता. धूर सोडणारी झडपही दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, म्हणून लय टॅपेटसारखी होती. प्लग बंद केल्यावर त्या सिलिंडरमध्ये स्फोटच होत नव्हता, म्हणून आवाज थांबत होता. इंजिन तापले की धातू प्रसरण पावून फट मिटत असे. दोन्ही मिस्त्रींच्या कानांनी फसवले नव्हते. हाती आलेल्या एकाच पुराव्यावर त्यांनी निकाल दिला होता.

गॅस्केट आणि नट बदलण्याचा खर्च इंजिनाच्या कामाच्या तुलनेत किरकोळ होता. परंतु या घटनेत खरा धोका पैशांचा नव्हता. जळालेल्या पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक बळाने चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे होत. आसनाखालीच इंजिन असलेल्या गाडीत, काचा बंद करून, लहान मुले आणि वृद्ध प्रवास करीत असताना अशी गळती जिवावर बेतू शकते. गाडी तशीच विकली असती, तर हा धोका दुसऱ्या घरी गेला असता.

जुन्या गाडीचा आवाज बदलला, तर प्रथम ऑइलची पातळी पाहावी. खोल, जड ठोका आणि त्यासोबत ऑइलचा लाल दिवा दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. तेथे नोंदी करीत बसण्यास अवधी नसतो. सकाळी किंवा पावसात किंचाळल्यासारखा आवाज येत असल्यास बहुधा पट्टा सैल किंवा जुना झालेला असतो. क्लच दाबताच आवाज बदलला, तर त्याच भागातील बेअरिंगकडे पाहावे. आवाजाबरोबर धुराचा वास आला अथवा कोणाचे डोके दुखू लागले, तर गाडी थांबवून सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि दुरुस्ती होईपर्यंत ती वापरू नये.

या घरातही आजीचे डोके दुखते ही नोंद होताच गाडी थांबवायला हवी होती, असे अण्णा आता स्वतःच सांगतात. ती वही गाडीच्या कप्प्यात अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवले आहे: ‘माणसाची तक्रार आधी वाचावी, गाडीची नंतर.’