स्वतंत्र मतदार आणि वर्णरेषा

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक आदर्श मतदार वावरत असतो. तो कोणत्याही पक्षाला बांधलेला नसतो. तो जाहीरनामे वाचतो, उमेदवार पारखतो आणि गेल्या खेपेला ज्याला मत दिले त्याला ह्या खेपेला ते नाकारण्याची तयारी ठेवतो. अमेरिकेच्या राजकीय जीवनात ह्या मतदाराला ‘इंडिपेंडंट’ म्हणून विशेष मान आहे. त्याच्या विरुद्ध बाजूस उभा केला जातो तो गठ्ठ्याने मत देणारा समाज. आपल्याकडे ‘एकगठ्ठा मते’ हा शब्दप्रयोग ज्या तुच्छतेने उच्चारला जातो, ती तुच्छता अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या मतदानाविषयी बोलताना कानी पडते. असा समाज विचार करीत नाही, पुढारी सांगेल तेथे शिक्का मारतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील पक्षराजकारणाचा दीडशे वर्षांचा इतिहास ध्यानात घेतला, तर हे गृहीतच तपासून पाहावे लागेल असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ह्या इतिहासाशी मराठी विचाराचे नाते जुने आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेली आपली ‘गुलामगिरी’ गुलामांची मुक्तता घडवून आणणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केली. तो काळ खरोखरच आशेचा होता. १८५४ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने लिंकनच्या नेतृत्वाखाली यादवी युद्ध जिंकले होते. १८६५, १८६८ आणि १८७० ह्या वर्षांतील तीन घटनादुरुस्त्यांनी अनुक्रमे गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. १८७० साली हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटमध्ये जाऊन बसले. परंतु ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध होऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर रिपब्लिकन पक्षाच्या हेझ ह्यांना अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेत नव्या नागरिकांच्या पाठीशी उभ्या असलेल्या केंद्रीय फौजा १८७७ साली मागे घेण्यात आल्या. ज्या पक्षाने बेड्या तोडल्या त्याच पक्षाने सत्तेसाठी आपल्या सर्वांत निष्ठावान मतदाराला वाऱ्यावर सोडले. पुढे दक्षिणेतील डेमोक्रॅटिक पक्षाने १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेपासून मतकर, साक्षरतेची परीक्षा आणि केवळ गोऱ्यांसाठी राखलेली पक्षांतर्गत निवडणूक अशी एकेक साधने वापरून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नाहीसा केला. १९०१ साली जॉर्ज हेन्री व्हाइट ह्यांची मुदत संपली; त्यानंतर दक्षिणेतून अमेरिकन संसदेत पुन्हा कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून यावयास १९७२ साल उजाडले.

अशा परिस्थितीत स्वतंत्र बुद्धीने मत देणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर विल्यम डु बॉइस ह्यांच्या चरित्रात शोधता येते. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) ह्या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेतच. शिवाय ‘डार्क प्रिन्सेस’ (१९२८) ह्या कादंबरीत त्यांनी कौटिल्या नावाची भारतीय राजकन्या नायिका म्हणून योजली. परंतु मतदार ह्या नात्याने त्यांनी केलेला प्रवासही तितकाच अभ्यसनीय आहे. १८९७ पासून १९१० पर्यंत ते अटलांटात अध्यापन करीत होते आणि त्या काळात जॉर्जियातील कृष्णवर्णीयाच्या मताला काडीचीही किंमत उरली नव्हती. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी ब्राउन्सव्हिल प्रकरणात १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना चौकशीचा न्याय न देता बडतर्फ केले. तेव्हा १९०८ साली डु बॉइस ह्यांनी आपल्या वाचकांना लिंकनचा पक्ष सोडून ब्रायन ह्यांना मत देण्याचा सल्ला दिला. १९१२ साली समाजवादी पक्षाचे सदस्यत्व सोडून त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्सन ह्यांना पाठिंबा दिला, कारण विल्सन ह्यांनी न्यायाने वागण्याचे आश्वासन दिले होते. १९१३ साली त्याच विल्सन ह्यांच्या कारकिर्दीत केंद्रीय कचेऱ्यांतून गोऱ्या व काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्यास सुरुवात झाली. डु बॉइस ह्यांनी ‘क्रायसिस’ मासिकातून अनावृत पत्र लिहून त्यांना जाब विचारला. १९२४ साली त्यांचा कौल ला फॉलेट ह्यांच्या बाजूने पडला, १९४८ साली हेन्री वॉलेस ह्यांच्या. १९५० साली ते स्वतःच अमेरिकन लेबर पार्टीच्या वतीने न्यूयॉर्कमधून सिनेटसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले, तरी दोन लाखांहून अधिक मते त्यांना मिळाली. पाठ्यपुस्तकातील स्वतंत्र मतदार ह्याहून अधिक काय करणार? आणि तरीही प्रत्येक वळणावर त्यांच्या पदरी निराशाच आली.

ह्याचे कारण डु बॉइस ह्यांच्या निर्णयशक्तीत नव्हते. मतदाराचे स्वातंत्र्य हा केवळ मतदाराचा गुण नसतो. ते समोर किती दरवाजे उघडे आहेत ह्यावरही अवलंबून असते. दोन पक्षांपैकी एकाला तुमचे मत हवेच नसेल, तर दुसऱ्याला ते मिळविण्यासाठी काही देण्याची गरज उरत नाही.

कृष्णवर्णीय मतदार डोळे झाकून निष्ठा वाहतो ह्या समजुतीस तर इतिहासात आधारच नाही. दक्षिणेतून उत्तरेकडे स्थलांतर केलेल्या माणसांच्या हाती प्रथमच खरे मत आले, तेव्हा त्यांनी ते जपून आणि हिशेबाने वापरले. शिकागोतून १९२८ साली ऑस्कर डी प्रीस्ट हे रिपब्लिकन निवडून आले. १९३४ साली त्याच मतदारसंघाने त्यांना पाडून आर्थर मिचेल ह्यांना, म्हणजे अमेरिकन संसदेतील पहिल्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅटला, निवडून दिले. मंदीच्या काळात पोटाला काम देणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांना १९३६ साली बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी मते दिली. मात्र १९५६ साली आयझेनहॉवर ह्यांना, म्हणजे रिपब्लिकन उमेदवाराला, दहांपैकी जवळजवळ चार कृष्णवर्णीय मते मिळाली होती. १९६० च्या ऑक्टोबरात मार्टिन लूथर किंग जॉर्जियात तुरुंगात असताना केनेडी ह्यांनी त्यांच्या पत्नीला दूरध्वनी केला आणि किंग ह्यांच्या वडिलांनी आपला निक्सन ह्यांच्याकडील कौल फिरविला. त्या निवडणुकीत देशभरातील मतांचा फरक सव्वा लाखाहूनही कमी होता. मत अनिश्चित होते म्हणून ते मौल्यवान होते.

१९६४ साली हे चित्र पालटले. नागरी हक्क कायद्याला सिनेटमधील ३३ पैकी २७ रिपब्लिकन सदस्यांनी पाठिंबा दिला. ६७ डेमोक्रॅटांपैकी ४६ जणांनी दिला. म्हणजे प्रमाणाने पाहता रिपब्लिकन पक्षाचाच पाठिंबा अधिक होता. परंतु विरोधात मत देणाऱ्या त्या सहा रिपब्लिकनांपैकी एक, बॅरी गोल्डवॉटर, ह्यांनाच त्या पक्षाने त्या वर्षी अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. आपल्या ॲरिझोना राज्याखेरीज त्यांनी जी पाच राज्ये जिंकली ती सर्व खोल दक्षिणेतील होती. पक्षाला त्यातून एक गणित सापडले आणि कृष्णवर्णीय मतदाराला एक दार बंद झाल्याचे कळले. तेव्हापासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला त्यांची दहांपैकी साधारणतः आठ किंवा त्याहून अधिक मते मिळत आली आहेत. ह्या गठ्ठ्याचे मोल मतदारांना मोजावे लागले. बिल क्लिंटन ह्यांनी १९९४ चा कठोर गुन्हेगारी कायदा आणि १९९६ चा गरिबांच्या साहाय्याला कात्री लावणारा कायदा ह्यांवर सही केली, तेव्हा नाराज कृष्णवर्णीय मतदाराला जाण्यासाठी दुसरे ठिकाण नव्हते, आणि हे पक्षाला ठाऊक होते.

मग अशा मतदाराने करावे काय? डु बॉइस ह्यांनी १९५६ च्या ऑक्टोबरात ‘द नेशन’ साप्ताहिकात आपण मतच देणार नाही असे जाहीर करून ह्याचे उत्तर दिले. दोन्ही पक्ष नावापुरतेच वेगळे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या तपस्व्याला असे म्हणण्याचा अधिकार होता. तरीही तो निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. मत न देण्याचे स्वातंत्र्य हे ज्याच्यापाशी मत आहे त्याचे स्वातंत्र्य होय. मिसिसिपीतील शेतमजुराला ते मुळातच उपलब्ध नव्हते.

त्या मिसिसिपीतूनच दुसरे उत्तर आले. फॅनी लू हेमर ह्या कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या स्त्रीने १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मळ्याच्या मालकाने तिला घराबाहेर काढले. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्ष केवळ गोऱ्यांचा होता. हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पक्ष सोडून दिला नाही आणि त्याच्यापुढे मानही तुकविली नाही. त्यांनी ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ स्थापन केली आणि १९६४ च्या अटलांटिक सिटी येथील अधिवेशनात राज्याचे खरे प्रतिनिधी आपणच, असा दावा मांडला. पक्षश्रेष्ठींनी दोन जागांचा तुकडा पुढे केला. चळवळीतील काही मान्यवरांनीही तो स्वीकारण्याचा सल्ला दिला. हेमर ह्यांनी तो नाकारला. १९६५ साली सेल्माच्या पुलावरील लाठीमारानंतर मताधिकार कायदा झाला आणि मिसिसिपीतील नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेले. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमर प्रतिनिधी म्हणून रीतसर बसल्या.

पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे फॅनी लू हेमर ‘स्वतंत्र मतदार’ ठरत नाहीत. त्यांनी एकाच पक्षाचा पदर धरला. परंतु ज्याला मत द्यायचे त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी धमक त्यांनी दाखविली, तिला स्वतंत्र बुद्धी म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? स्वातंत्र्याची खूण पक्ष बदलण्यात नाही, हिशेब मागण्यात आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९६४ नंतर गोऱ्या मतदारांचे बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या एकाही उमेदवाराला मिळालेले नाही. त्यात बराक ओबामा ह्यांच्या २००८ व २०१२ च्या दोन्ही विजयी निवडणुकाही आल्या. गोऱ्या समाजाचे मतदान कृष्णवर्णीयांइतके एकवटलेले नाही हे खरे, पण साठ वर्षे त्याचा कल एकाच बाजूला राहिलेला आहे. त्याला मात्र कोणी गठ्ठा म्हणत नाही. ते ‘मध्यमवर्गाचे मत’ असते, ‘जनमानस’ असते. जो समाज स्वतःला सर्वसाधारण समजतो, त्याला स्वतःचा गठ्ठा दिसत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातील पूर्वमंजुरीची व्यवस्था निष्प्रभ केली, तेव्हा जुने दिवस मागे पडले असे त्यास समर्थन दिले गेले. मागे काय पडले आणि काय नाही, हे ठरविण्याचा अधिकारही पुन्हा त्याच सर्वसाधारण समाजाकडे राहिला.

हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण ह्या नामकरणात आहे. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९४६ साली डु बॉइस ह्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईतील तरुण लेखकांनी आपल्या संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. ह्या संबंधांवर आपण विपुल लिहिले आहे, आणि ते बहुतांशी आत्मकथन, कविता आणि विद्रोह ह्यांच्या अंगाने. मतदान हीदेखील एक अभिव्यक्ती आहे आणि तीही वाचावी लागते, हे मात्र आपल्या ध्यानात आलेले नाही. एम. एन. श्रीनिवास ह्यांनी १९५५ साली ‘व्होट बँक’ ही संज्ञा वापरली तेव्हा तिचा रोख गावातील वजनदार मध्यस्थावर होता. पुढे ती मध्यस्थाला सोडून दुबळ्या मतदारालाच जाऊन चिकटली. अर्थाच्या ह्या घसरणीचा शोध घेणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. एखादा समाज एकाच बाजूला का मत देतो असे विचारण्यापूर्वी, दुसऱ्या बाजूने त्याच्यासाठी कोणते दार उघडे ठेवले होते, हे विचारावयास हवे. तोवर ‘एकगठ्ठा’ हा शब्द आपण आपल्या लेखनात जपून वापरावा.