गाडी निम्म्यात, खर्च पुरा

सभासद बंधूंनो,

ऊसबिल जमा झाले की पारावर गाड्यांचा विषय निघतोच. "साहेब, कोटीची परदेशी स्पोर्ट्स गाडी जुन्यात निम्म्याला मिळतेय," असे तरुण मंडळी सांगतात. माझे मत स्पष्ट आहे. किंमत निम्मी झाली तरी खर्च निम्मा होत नाही.

विम्याच्या तक्त्यात चार वर्षे उलटलेल्या वाहनावर ५० टक्के घसारा धरतात. पण पार्ट मात्र नव्याच्याच भावाने घ्यावे लागतात. १९९० च्या दशकातली फेरारी एफ ३५५ घ्या. तिचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलायला अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. गाडी नुसती उभी ठेवली तरी बेल्ट जुना होतोच. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

पोर्शे ९११ सारख्या गाड्या भाव बऱ्यापैकी टिकवतात, हे खरे. पण सर्व्हिसचे कागद चोख असतील तर.

आता हिशेब उसात करू. २०२५-२६ हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. पाच लाखांची दुरुस्ती निघाली, तर १४० टन ऊस गेला. एकरी ४० टन धरले तर साडेतीन एकर! तोडणी-वाहतूक वेगळीच.

हौसेला मोल नसते म्हणतात, पण गॅरेजचे बिल असते. घ्यायचीच तर जाणत्या मेकॅनिकला दाखवा, दुरुस्तीची रक्कम आधी बाजूला काढा. बेण्याचे आणि ठिबकचे पैसे मात्र त्यात घालू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी