यंत्राचे ज्ञान आणि गुरुजींचे समाधान

शिक्षकास संगणक शिकवा, म्हणजे तो आपल्या व्यवसायात समाधानी होईल, असा एक सुटसुटीत सिद्धांत अलीकडे शिक्षणविषयक चर्चेत रूढ होऊ पाहत आहे. सुटसुटीत सिद्धांतांचे मोठे सुख हे, की त्यांपायी सिद्धांत मांडणारास काहीच सोसावे लागत नाही. असंतोषाचे कारण शिक्षकाच्या अज्ञानात सापडले, की बाकी सारे निर्दोष!

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा या सिद्धांताच्या परीक्षेस फार सोयीचा आहे. एकीकडे बोईसर-तारापूरचे कारखाने आणि १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीजकेंद्र. दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगरपाडे. २०२० साली शाळांना कुलपे लागली व शिकवणे मोबाइलवर आले, तेव्हा बोईसरच्या खोलीतला एकुलता फोन बापाबरोबर पाळीवर जाई, आणि पाड्यावर फोन असला तरी रेंज नसे. अशा वेळी गुरुजी कितीही निष्णात असले, तरी त्यांनी आपले नैपुण्य कोणापुढे मांडावे?

यावर पूर्वपक्ष असा, की ज्यांस ही साधने सफाईने हाताळता येतात ते शिक्षक अधिक समाधानी आढळतात. आढळत असतील, पण कोंबडे आरवते म्हणून उजाडत नाही. ज्याचे मन कामात रमले आहे तोच नवे साधन आपण होऊन शोधतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना वर्गातल्या गरजेतून निघाली होती, परिपत्रकातून नव्हे.

आता परिपत्रकातून येणारे यंत्र पाहा. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरणे आले; त्यापाठोपाठ आहाराची दैनिक नोंद, छायाचित्रे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामांस शिक्षक जुंपण्यास मनाई केली. कायद्याने दार लावून घेतले, आणि मोबाइलच्या खिडकीतून कारकुनी आत आली! जो शिक्षक हे काम चटकन उरकतो, त्याच्या गळ्यात शेजारच्या शाळेचेही पडते. कौशल्याचे हे पारितोषिक पाहून कोणता शहाणा कौशल्य मिळवील?

आम्ही दुसऱ्याच्या घरचा धूर दाखवीत नाही. महाविद्यालयांतूनही गुणांकांचे तक्ते आले आहेत. एकदा असाच एक तक्ता मुदतीत भरण्यासाठी आम्ही वर्ग सोडून दिला, आणि संध्याकाळी ‘आज काम झाले’ असे आम्हांस वाटले. त्या वाटण्याची आम्हांस आजही लाज वाटते. तक्ता भरता न येण्यापेक्षा, तक्त्यालाच काम समजू लागणे ही शिक्षकाची खरी अधोगती होय.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. शिंपले, खडे, पाने, बिया ही त्यांची साधने. ती स्वस्त होती एवढ्यानेच थोर ठरत नाहीत. समोरचे मूल पाहून त्यांनी ती स्वतः निवडली, यात त्यांचे थोरपण आहे. त्या आज असत्या तर मोबाइलही त्यांनी खुशाल हाती घेतला असता. मात्र मुलासाठी, अहवालासाठी नव्हे.

म्हणून आमचे मागणे यंत्र काढून घ्या असे नाही. माहिती एकदाच मागा. ती भरण्यास प्रत्येक केंद्रात एक कारकून नेमा. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात सांगितलेल्या वर्षाच्या ५० तासांच्या प्रशिक्षणात काय शिकावे, हे शिक्षकास ठरवू द्या. एवढे करून पाहावे, आणि मग खुशाल त्याचे समाधान मोजावे. तोवर ते मोजण्यासाठी कृपा करून त्याच्याकडे आणखी एक तक्ता धाडू नये!